सात पोफळी आणि एक गाडी ढलप्या

छापील अक्षरावर माझा विश्वास आहे आणि हस्तलिखितावर मुळीच नाही. दस्तऐवज नोंदणीच्या कचेरीत एकोणीस वर्षं लोकांची खरेदीखतं, गहाणखतं आणि वाटणीपत्रं उतरवून घेणाऱ्या कारकुनाचं याहून वेगळं काही व्हायचं कारणही नाही. हातानं लिहिलेल्या कागदात माणूस काय काय दडवतो ते मी रोज बघतो. छापलेल्या कागदात दडवायला जागाच कुठे असते, असं मला वाटे. म्हणून चैत्रातल्या एका रविवारी शेतकीच्या मासिकात ‘लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन’ हा लेख माझ्या वाचण्यात आला, तो मी शेवटच्या ओळीपर्यंत खरा मानूनच वाचला.

लेखक कोणी पदवीधर होता. त्याचं म्हणणं असं, की परदेशातले बागवाले झाडांच्या मुळाशी लाकडाच्या ढलप्यांचा चारपाच बोटं जाड थर पसरतात. त्यामुळे ऊन मातीला लागत नाही, घातलेलं पाणी उडून जात नाही आणि झाडाला निम्मं पाणी पुरतं. पुढे हळूहळू ढलप्या कुजतात, मातीत मिसळतात, माती काळीभोर आणि भुसभुशीत होते, तीत गांडुळं येतात. ‘निम्मं पाणी’ या दोन शब्दांखाली मी शिसपेन्सिलीनं रेघ मारली. ती रेघ मला पुढे किती लांब घेऊन जाणार होती, ते त्या पदवीधराला ठाऊक असतं तर त्यानं लेख परत मागवला असता.

कारण आमचं घरामागचं परडं. रत्नागिरीत परडं म्हणजे कातळावर टाकलेलं मातीचं पांघरूण, आणि आमच्या वाट्याला आलेलं पांघरूण आखूड आहे. वीतभर खणलं की कुदळ खण्णकन वाजते. अशा या परड्यात पोफळीची, म्हणजे सुपारीची, सात रोपं उभी होती. ती माझ्या बायकोच्या माहेरची. दमयंतीचं माहेर दापोलीकडचं मुरुड. तिथे समुद्राच्या वाळूत पोफळी अशा वाढतात की माणसानं वर बघून टोपी पाडावी. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी ही सात रोपं हर्णैहून बोटीनं पाठवली, आणि तेव्हापासून दर पंधरवड्याला त्यांचं कार्ड येतं. पहिल्या कार्डात ‘सातही जणी बऱ्या आहेत ना?’ असं होतं. मी घरातली माणसं मोजली. आम्ही पाचच होतो, त्यात तीन पुरुष. मग उलगडा झाला. जावयाची चौकशी त्या कार्डांत अजूनपर्यंत आलेली नाही. कार्डावर जागा कमी असते.

पोफळीला उन्हाळ्यात रोज पाणी हवं. पहिली तीनचार वर्षं तगली तर ती उभी राहिली. एका वैशाखात चुकलात तर गेली. आणि आमची विहीर सामाईक. शेजारच्या धोंडोपंतांची निम्मी, आमची निम्मी. वाटणीपत्रात पाळ्या लिहिलेल्या आहेत. सकाळी आधी ते, मग आम्ही. संध्याकाळी आधी आम्ही, मग ते. धोंडोपंत म्हणजे पेन्शनर पोस्टमास्तर. टपालाची पिशवी वेळेवर बंद करण्यात त्यांचा जन्म गेला, तो आता विहिरीवर चालू होता. घड्याळ काढून कठड्यापाशी उभे राहायचे आणि आमची कळशी अर्ध्यावर आली असली तरी म्हणायचे, “वेळ संपली.” अर्धी कळशी पुन्हा आत सोडायला लावलेलीही मी पाहिली आहे. ती माझीच होती.

तेव्हा निम्म्या पाण्याचं मोल मला काय होतं ते ध्यानात आलं असेल.

ढलप्या मिळतील कुठे, हा प्रश्न सोपा होता. राजिवड्याच्या बाजूला खाडीकाठी मचवे दुरुस्तीला ओढून ठेवतात. तिथे लवू मेस्त्री नावाचा सुतार एका जुन्या मचव्याच्या फळ्या तासत होता आणि त्याच्याभोवती गुडघाभर ढलप्यांचा सडा पडला होता. मी लेखातला उतारा वाचून दाखवला. लवूनं तासायचा वाकस हातात धरूनच तो ऐकला.

“अण्णा, न्या की,” तो म्हणाला. “गाडीभर न्या. जाळायलाच ना?”

“जमिनीवर पसरायला.”

“मग जाळायला?”

“जाळायच्या नाहीत रे. पसरायच्या आणि ठेवायच्या.”

लवूनं माझ्याकडे असं बघितलं, जणू घरी कोणी मोठं माणूस आहे का, हे विचारावं की नाही या पेचात तो पडलाय. मग म्हणाला, “ह्यांना जरा वास हाय हां अण्णा. वीस वर्सं मुशीच्या काळजाचं तेल प्यायलंय हे लाकूड.” मचव्याला पाणी लागू नये म्हणून हे लोक मुशी माशाचं तेल चोपडतात हे मला ठाऊक होतं. मी एक ढलपी उचलून हुंगली. खाडीवर सगळ्यालाच एक वास असतो. ढलपीला वेगळा असा मला काही आला नाही. “तेल मुरलेलं म्हणजे उत्तमच,” मी म्हणालो. लवू पुन्हा फळी तासू लागला. सुज्ञ माणूस.

धाकू गाडीवानाच्या गाडीत ढलप्या भरून आम्ही निघालो, तो नाक्यावर जंगल खात्याच्या राख्यानं गाडी अडवली.

“काय भरलंय?”

“ढलप्या,” धाकू म्हणाला.

“कसल्या लाकडाच्या?”

इथे गप्प बसता आलं असतं. पण मिळकतीचं वर्णन पुरं लिहायची माझी एकोणीस वर्षांची सवय. “उत्तम सागाच्या,” मी म्हणालो. “मलबारी.”

“सागाला पास लागतो.”

“अहो, पण ढलप्या आहेत.”

“सागाच्याच ना?” त्यानं पासाचं बुक काढलं. “ओंडके किती?”

“शून्य.”

“शून्याचा पास देता येत नाही. लांबी आणि घेर सांगा.” आणि खरोखरच तो एक ढलपी घेऊन तिला फीत लावू लागला. गाडीत त्या निदान दहा हजार असतील. धाकूनं बैल सोडले आणि झाडाखाली अंग टाकलं. तिसऱ्या ढलपीला मला सुचलं. मी म्हणालो, “दादा, ह्या ढलप्या मुळात काय होत्या? मचवा. म्हणजे गाडीत आहे तो मचवा, फक्त तुकड्यांत. आता मचवा हा जंगलात असतो का?”

राखा विचारात पडला. “मचवा असेल तर ते काम कस्टमवाल्यांचं,” तो सावकाश म्हणाला, आणि आपल्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्या खात्याच्या डोक्यावर जातंय हे कळल्यावर माणसाच्या तोंडावर जी शांती येते ती त्याच्या तोंडावर आली. “आमचा काय संबंध? न्या.” कस्टमची चौकी आमच्या वाटेत नव्हती. पण अण्णांनी मचवा घेतला, ही बातमी मात्र आमच्या आधी आळीत पोचली होती.

रविवारचा दिवस घालवून मी ढलप्या पसरल्या. पट्टी लावून पाच बोटं थर, सातही रोपांच्या भोवती, मधल्या मोकळ्या जागेतही. सोन्यासारखं परडं दिसत होतं. आणि मग परड्याच्या दगडी गडग्यावरून सल्ले येऊ लागले. चैत्र-वैशाखात जमिनीवर फांद्या-पाचोळा पसरलेला दिसला की कोकणातल्या माणसाला एकच गोष्ट कळते: भाताच्या रोपांसाठी भाजवळ घातलीय आणि आता काडी लावायची आहे. दूध घालणारी तुळसा पहिली. “अण्णा, वारा बघून लावा हां आग. पोफळी जवळ हायत.” दुपारपर्यंत चार जणांनी हेच सांगितलं. पाचवा नुसता सांगून थांबला नाही, त्यानं कनवटीची काडेपेटी काढून दिली. वाळवी लागेल, असं सांगणारे वेगळे. विंचवांची सोय केलीत, असं म्हणणारे वेगळे. पण सगळ्यात जास्त हळहळ बायकांना होती. पावसाळ्याच्या जळणाची बेगमी करायचे ते दिवस. जी ती पडवीत लाकूड रचत होती, आणि इथे एक माणूस गाडीभर सुकं खडखडीत जळण मातीत घालत होता. येणारीजाणारी प्रत्येक बाई आधी ढलप्यांकडे आणि मग दमयंतीकडे बघे, आणि दमयंती पदर सारखा करून आत जाई.

ऊन चढलं तसा वासही चढला. वीस वर्षांचं मुशीचं तेल आमच्या परड्यात जागं झालं. पहिल्यांदा एक मांजर आलं. मग आळीतली सगळी आली आणि मासळीबाजारात बसावं तशी रांगेनं बसली. त्यांच्यामागोमाग धोंडोपंत आले.

“अण्णा, हा वास कसला?”

“सागाचा.”

“सागाला मुशीचा वास? माझं सोवळ्यातलं जेवण आहे, ठाऊक आहे ना? बेलाशक नाकात शिरतो तुमच्या ढलप्यांचा वास!”

“ऊन लागलं की आठ दिवसांत वास उडून जातो,” मी म्हणालो. हे लेखात नव्हतं. पण लेखकाला सुचलं असतं तर त्यानं लिहिलं असतं. “धोंडोपंत, हे शास्त्र आहे. यानं झाडांना पाणी निम्मं लागतं.”

“निम्मं?” पोस्टमास्तरांनी चष्मा वर केला. “अगदी निम्मं?”

“बरोबर निम्मं. छापलेलं आहे.”

“म्हणजे दोन पाळ्यांतली एक तुम्हाला नकोच.”

मागल्या दारात दमयंती खोकली. तिला खोकला नव्हता. तेव्हाच मी थांबायला हवं होतं, हे आता सांगणं सोपं आहे. पण गडग्यापलीकडे माणसं जमलेली, काडेपेटीवालाही त्यांत होता, आणि धोंडोपंत हसले. नुसते हसले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, “का? शास्त्राला घाम फुटला?”

मी घरात जाऊन दौत आणली. माझ्या उत्तमोत्तम अक्षरात मी तो कागद लिहिला: ‘...मृग नक्षत्र लागेपर्यंत सामाईक विहिरीवरील संध्याकाळच्या पाळीचा आपला हक्क राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय व शुद्धीवर असताना सोडून दिला आहे.’ खाली सही, दोन साक्षीदार. काडेपेटीवाला एक.

रात्री जेवताना दमयंतीनं एवढंच विचारलं, “शुद्धीवर असताना, असंही लिहिलंत?”

“तो मजकूर ठरलेलाच असतो.”

“बरं. उद्या संध्याकाळपासून पोफळींना तुमचं अक्षर पाजते.”

त्यानंतरचे चार आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे. मी एक वही घातली. रोज सकाळी आमच्या पाळीत झाडामागे दोन कळशा पाणी. संध्याकाळी काही नाही. कचेरीतून साडेपाचला परतलो की टोपी न काढता मी परड्यात जाई, ढलप्या बाजूला सारून बोटानं माती चाचपून बघे आणि वहीत लिही: ‘ओल: आहे.’ सकाळी घातलेलं पाणी वैशाखाच्या उन्हातही दिवसभर टिकत होतं! टिकत कसलं, काल घातल्यासारखं नव्हे तर आत्ता घातल्यासारखं टिकत होतं. दहाव्या दिवशी एक गांडूळ दिसलं. मी दमयंतीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “हो, गांडूळच आहे.” पोफळींनी नवी पानं काढली. आळीतल्या इतर परड्यांतून पाचोळा उडत होता आणि आमच्या सातजणी हिरव्यागार.

त्याहून मोठी गोष्ट थराची. पाच बोटांचा थर पहिल्या आठवड्याला चार बोटांवर आला, तिसऱ्याला अडीच, चौथ्याला दोन. लेखात लिहिलं होतं, की ढलप्या मातीत मिसळायला दोन वर्षं लागतात. रत्नागिरीच्या मातीनं परदेशच्या मातीला महिन्यात मागे टाकलं होतं. मी हे कचेरीत सांगितलं. चहाच्या दुकानात सांगितलं. सासऱ्यांना चार पानी पत्र लिहिलं. त्यांचं कार्ड आलं: ‘आम्ही मुळाशी झावळ्या टाकतो. आजोबाही टाकीत. सातजणींना आशीर्वाद.’ जुन्या माणसांना शास्त्राची गोडी नसते, असं म्हणून मी ते कार्ड बाजूला ठेवलं आणि मासिकाच्या संपादकांना सविस्तर पत्र पाठवलं. पाणी निम्मं, सातही झाडं टवटवीत, थर महिन्यात तीन बोटं मातीत. पट्टीनं मोजलेले आकडे, तारखांसह.

धोंडोपंत रोज संध्याकाळी घड्याळ घेऊन विहिरीवर बसत. मी सोडलेल्या पाळीवर ते पहारा करीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर मिळकत वाढलेल्या माणसाचं तेज दिसेना. उलट दिवसेंदिवस ते सुकत चालले. एक दिवस कठड्यावर ओणवून म्हणाले, “अण्णा, विहिरीला कुठे गळती तर नाही?” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “तुम्हाला अजून वास येतो?”

“छे. केव्हाच गेला.”

“मला येतो,” ते खोल आवाजात म्हणाले. “आणि अण्णा, तो जेवतानाच येतो. पहिल्या घासापासून. ताक घेतलं की जरा कमी होतो.”

मी म्हटलं मनाचे खेळ. त्यांना ते झोंबलं. चार दिवसांनी आमच्या दारात इन्स्पेक्टर उभा राहिला. आरोग्य खात्याकडचा, नुकताच घाटावरून बदलून आलेला, तरुण, मोठ्या नाकाचा. त्याच्या हातात पोस्टमास्तरी वळणाचा तक्रार अर्ज होता: ‘शेजारील परड्यातील ढलप्यांमुळे मासळीची असह्य दुर्गंधी येत असून त्या तात्काळ हलविण्याचा हुकूम व्हावा.’ मागून धोंडोपंत स्वतः. दिवस रविवार, वेळ अकराची.

“दाखवा बगू काय हाय ते,” इन्स्पेक्टर म्हणाला. त्यानं पोफळींत उकिडवं बसून एक ढलपी हुंगली. दुसरी हुंगली. “वास येतोय, पण थोडा. आणि अर्जात लिवलंय असह्य. ह्यो तर सह्य हाय. आणि ढलप्या तरी कुठं हायत एवढ्या?”

“मातीत मिसळल्या,” मी अभिमानानं म्हणालो आणि वही पुढे केली.

तेवढ्यात वारा फिरला. इन्स्पेक्टरनं मान वर केली. त्याचं नाक आधी वळलं, मग तो वळला. गडग्याला दोन्ही घरांच्या बायकांनी ये-जा करायला ठेवलेली एक खिंड आहे; तिच्यातून तो पलीकडे गेला, नाकामागून. त्याच्यामागे धोंडोपंत, “अहो इकडे कुठे, हे माझं घर!” असं म्हणत, आणि त्यांच्यामागे मी. दमयंती कधी नव्हे ती धावत आली आणि माझी बाही धरून म्हणाली, “तुम्ही जाऊ नका.” पण आम्ही तोवर धोंडोपंतांच्या मागल्या पडवीत पोचलो होतो.

पडवीत वाशाला टेकेल इतकी उंच रास होती. वर गोणपाट घातलेलं. गोणपाटाच्या कडेनं ज्या बाहेर डोकावत होत्या त्या मी ओळखल्या. स्वतःच्या हातानं पसरलेली वस्तू माणूस ओळखतो. मातीत मिसळलेली माझी तीन बोटं शेजाऱ्याच्या पडवीत व्यवस्थित रचून ठेवलेली होती. आत चुलीपाशी धोंडोपंतांचं कुटुंब, म्हणजे गोदूकाकू, सोवळं नेसून बसल्या होत्या. चुलीत चार ढलप्या ताडताड वाजत जळत होत्या, आणि वर आमटी उकळत होती. वास असह्य होता. अर्जात लिहिल्याप्रमाणे.

“ह्या... ह्या इथे कशा आल्या?” धोंडोपंतांनी विचारलं.

“टोपलीतून,” गोदूकाकू म्हणाल्या. त्यांनी आमटी ढवळणं थांबवलं नाही. “दमयंती देते, मी घेते.”

“आणि मोबदला?” हे मी विचारलं. त्या घटकेला दुसरं काही सुचलं नाही. मोबदल्याचा रकाना रिकामा ठेवून कागद पुढे सरकू द्यायचा नाही, हे अंगात मुरलंय.

“पाणी. तुम्ही कचेरीत असता आणि हे दोन ते चार घोरत असतात. विहिरीवर तेव्हा घड्याळ नसतं.”

आत्ता घातल्यासारखी ओल. माझ्या हातातली वही मी हळूच पाठीमागे नेली.

“महिनाभर!” धोंडोपंत खांबाला टेकले. “महिनाभर मी हे... मुशीच्या तेलावर... सोवळ्यात...”

“अग्नीला कुठला आलाय विटाळ? आणि चवीनं जेवलात. परवा आमटी दोनदा मागून घेतलीत.” गोदूकाकूंनी पळी आपटली. “रोज सकाळी तीन लाकडं मोजून देता. पाच माणसांचा स्वयंपाक तीन लाकडांवर कसा होतो, हे तीस वर्षांत एकदा तरी विचारलंत? ह्या पोरीनं टोपली आणून दिली, तर पहिल्यांदा माझी चूल दोनदा न फुंकता पेटली.”

बायको माझ्यामागे उभी होती. ती मला घाबरली नव्हती. माझ्यासाठी ओशाळली होती, आणि ते अधिक वाईट. मला चार पानी पत्र आठवलं. चहाचं दुकान आठवलं.

मग धोंडोपंत खांबापासून सुटे झाले. माणूस आतून खचला की तो बाहेरून कायद्याला धरतो. “ठीक आहे,” ते म्हणाले. “अण्णा, तुमच्या हातचा कागद माझ्या पेटीत आहे. संध्याकाळचं पाणी माझं. आणि आजपासून दोन ते चार मी निजणार नाही. विहिरीवर बसेन. मृगाला अजून सतरा दिवस आहेत. बघू तुमच्या पोफळी कशा जगतात ते.”

दमयंतीच्या तोंडचा रंग उतरला. तिनं खिंडीतून आमच्या परड्याकडे बघितलं, जिथे त्या सात उभ्या होत्या, छातीएवढ्या. सतरा दिवस वैशाखाचे. आणि खाली वीतभर माती. आच्छादन असतं तरी एक वेळ निभलं असतं. पण आता ना थर होता ना पाणी. होतं ते फक्त माझं अक्षर.

“ते तुमचं आपसांत बगा,” इन्स्पेक्टर पेन्सिल जिभेला लावून म्हणाला. “मला रिपोर्ट लिवायचाय. बोर्डावर लागतो तो. वासाचं ठिकाण...” त्यानं चुलीकडे बघितलं. “तक्रारदाराचं सोयपाकघर. कारण... तक्रारदार स्वतः मुशीच्या तेलाचं लाकूड जाळून...”

“बोर्डावर?” धोंडोपंत म्हणाले.

“बाहेरच्या. समद्यांना वाचता यावं म्हणून.”

एकोणीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या भानगडींना शब्दांत बसवलं आहे. स्वतःसाठी कधी उपयोग झाला नव्हता. एकदाच करायला गेलो, तेव्हा संध्याकाळची पाळी गेली होती. मी खाकरलो. “साहेब, आपण नवीन आहात. मसुदा मी सांगू का? तक्रारदारांची हरकत नसेल तर.”

धोंडोपंतांनी माझ्याकडे बघितलं.

“मात्र त्याआधी,” मी म्हणालो, “एक जुना कागद मला पुन्हा एकवार बघायचा होता. माझ्या अक्षरातला. त्यात चूक राहिल्याचा मला संशय आहे.”

पोस्टमास्तर आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. आमटी उकळत होती. शेवटी ते बाहेर आले. कागद माझ्या हातात द्यायचा मोठेपणा काही त्यांच्यानं झाला नाही. त्यांनी तो गोदूकाकूंकडे दिला. काकूंनी उलटापालटा बघितला, “अक्षर सुरेख आहे हो,” असं मला म्हणाल्या, आणि चुलीत सारला. मुशीच्या तेलावर तो क्षणात पेटला.

“घ्या लिहून,” मी म्हणालो. “‘समक्ष पाहणी केली. मासळीसारखा वास येतो ही गोष्ट खरी आहे. तथापि सदर वास समुद्राकडून येत असल्याचे आढळले.’”

इन्स्पेक्टर थांबला. घाटावरचा असला तरी मूर्ख नव्हता. “समुद्र कुणीकडं हाय इथनं?”

धोंडोपंत, गोदूकाकू, दमयंती आणि मी, चौघांनी एकदम पश्चिमेकडे बोट केलं. तीस वर्षांत त्या दोन घरांचं कशावर एकमत झालं असेल तर ते त्यावर.

त्यानं चौघांकडे आळीपाळीनं बघितलं, मग चुलीकडे बघितलं, मग लिहिलं. शेवटच्या रकान्यात ‘करावयाचा बंदोबस्त’ असं होतं. तिथे तो स्वतःच्या बुद्धीनं लिहिता झाला: ‘शक्य नाही.’

त्या संध्याकाळी आमच्या पाळीला मी स्वतः रहाट ओढला. धोंडोपंत कठड्यापाशी आले, सवयीनं घड्याळ काढलं, त्याकडे बघितलं आणि किल्ली देऊन परत खिशात ठेवलं. वेळ संपली असं काही ते बोलले नाहीत. सातव्या पोफळीच्या मुळाशी पाणी ओतून मी मोकळी कळशी खाली ठेवली. हाताला फोड आला होता. असेच फोड दमयंती हे चार आठवडे दुपारच्या उन्हात रहाट ओढून सोसत असणार, आणि मी वहीत ‘ओल: आहे’ असं लिहीत होतो.

ती राहिलेल्या ढलप्या हातानं गोळा करून बुंध्याशी लावत होती. सासऱ्यांच्या झावळ्यांची आठवण तिला झाली असेल.

“मासिकाला पत्र गेलंय माझं,” मी म्हणालो. “सातही झाडं ढलप्यांनी जगली म्हणून. पुढल्या अंकात छापतील. उद्याच दुसरं धाडतो, की ते सगळं खोटं आहे.”

“खोटं कसं?” ती म्हणाली. माती झटकून ती उठली. “ढलप्यांनीच जगली. टोपलीला आठ कळशा पडत होत्या.”